फ्लेक्सवरचा सातवा फोटो

फोटो काढायला मला कुणी नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं. जुना रोग आहे हा. मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात, फाट्यावर, माझा स्टुडिओ आहे. वीस-बावीस वर्षं झाली. लग्न, बारसं, जयंतीची मिरवणूक, कुणाच्या मळ्यातलं दीड किलोचं वांगं, सगळ्याचे फोटो मीच काढतो. फ्लेक्सचं डिझाइनही मीच करतो, फक्त छापून मलकापूरहून आणतो. म्हणजे गावात कोण कोणत्या बोर्डावर केवढा दिसणार, हे बऱ्यापैकी माझ्या हातात. त्याची थोडी मिजास होती मला. खोटं कायले बोलू?

त्यामुळे पोरींचा कबड्डी क्लब सुरू झाला तेव्हा मी पहिल्याच संध्याकाळी कॅमेरा गळ्यात अडकवून शाळेच्या मैदानावर हजर झालो. कुणी बोलावलं नव्हतं. क्लब चालवणारी बाई स्वतः कॉलेजात असताना कबड्डी गाजवलेली. लग्न होऊन आमच्या गावात आली आणि शाळेत शिकवते, म्हणून लहानमोठे सगळे तिला मॅडम म्हणतात. मला वाटलं, मॅडम म्हणतील, या भाऊ, बसा, चहा घ्या. मॅडमनी माझ्या हातात एक कागद दिला.

कागदावर नियम होते. ज्या पोरीच्या घरच्यांची सही आहे तिचाच फोटो काढायचा. फोटोखाली पूर्ण नाव द्यायचं नाही. कपडे बदलायच्या खोलीकडं कॅमेरा न्यायचाच नाही. सराव किती वाजता असतो ते कुठंही टाकायचं नाही. आणि काढलेला फोटो आधी मॅडमना दाखवायचा, त्यांनी हो म्हटलं तरच बाहेर जाऊ द्यायचा.

"मॅडम," मी म्हटलं, "पोट्ट्या कबड्डी खेळून राह्यल्या का बँक लुटून राह्यल्या? एवढं काय लपवाचं?"

"सही करा भाऊ," त्या हसून म्हणाल्या.

केली सही. पण मनातून धुसफुसत होतो. पुढं एकदा त्यांनी माझ्या कॅमेऱ्यातला एक फोटो पुसायला लावला. एक पोरगी वाकून बुटाची लेस बांधत होती, मागून सोनेरी ऊन, आहाहा, असा फोटो वर्षातून एखादा निघतो. मॅडम म्हणाल्या, "हा कोणाच्या मोबाइलवर गेला तर तो ऊन पाहील का, भाऊ?" मला असा राग आला की विचारू नका. मी पोरींच्या बापाच्या वयाचा माणूस, माझ्यावर शंका? दोन दिवस मी मैदानाकडं फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की त्या माझ्याबद्दल बोलतच नव्हत्या. फोटो माझ्या हातून सुटल्यावर कुठं कुठं जातो त्याबद्दल बोलत होत्या. कळलं, पण वळलं नाही. तसं वळलं असतं तर पुढचं घडलंच नसतं.

त्या हिवाळ्यात आमच्या पोरी तालुक्याला पहिल्या आल्या. चौदा वर्षांखालील गट. आमच्या गावाला आजवर भजनाशिवाय कशात बक्षीस मिळालं नव्हतं, त्यामुळे गाव नुसतं उधाणलं. आता फ्लेक्स लागणार हे ठरलेलंच. आमच्याकडं दहावी पास झालं की फ्लेक्स, पोलिसात लागला की फ्लेक्स, नवा ट्रॅक्टर आणला तरी फ्लेक्स. आणि फ्लेक्सवर कुणाचा फोटो राहिला तर तो अपमान असतो. हे बाहेरच्या माणसाला समजायचं नाही. शुभेच्छुकांच्या रांगेत फोटो राहिला म्हणून सख्खे चुलतभाऊ दोन वर्षं एकमेकांच्या दारात गेले नाहीत, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यातला एक माझ्याशीही बोलत नव्हता, कारण डिझाइन माझं होतं.

मॅडमनी मला सहा पोरींचे पासपोर्ट फोटो दिले. पहिली नावंच घाला, म्हणाल्या.

"संघ सातचा असते ना मॅडम. सातवी?"

"तिचा नाही घ्यायचा."

"काऊन?"

"नाही घ्यायचा, भाऊ. कारण विचारू नका."

झालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात. ती सातवी पोरगी म्हणजे संघाची जान होती. तेरा वर्षांची, काडीसारखी, पण चढाईला गेली की समोरच्या पोरी मागं सरायच्या. ती या गावची नव्हती. मायलेकी वर्षभरापूर्वी पोरीच्या मामाच्या घरी राहायला आल्या होत्या, आई मजुरीला जायची. मी लगेच हिशेब मांडला: बाहेरची आहे, बाप दिसत नाही, आई कापूस येचते, म्हणून हिला डावलून राह्यले. गावातल्या वजनदार घरांच्या पोरी बोर्डावर, आणि जिनं मॅच जिंकून दिली ती बाहेर. मॅडमसुद्धा अशा निघाव्यात याचं मला फार वाईट वाटलं. विचारायची मात्र मी तसदी घेतली नाही. माझी मलाच खात्री होती.

मी सहा फोटोंचं डिझाइन केलं, मॅडमना मोबाइलवर दाखवलं, त्यांनी हो म्हटलं. मग स्टुडिओत एकटा बसून सातवा फोटो घातला. तिचा पासपोर्ट फोटो नव्हता, म्हणून अंतिम सामन्यात मी नियम बाजूला ठेवून काढलेल्या चढाईच्या फोटोतून तिचा चेहरा कापून घेतला. नाव शोधायला स्पर्धेच्या प्रमाणपत्राचा फोटो होताच माझ्याकडं. इतरांची पहिली नावं होती. हिच्यावर अन्याय झालाय, तेव्हा हिचं पूर्ण नाव टाकू, बापाच्या नावासकट, आडनावासकट. त्याखाली आमच्या गावाचं नाव. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की बायकोला बोलावून दाखवलं. बायको म्हणाली, मॅडमला इचारलं काय? मी म्हटलं, तू भाकरी पाह्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फ्लेक्स फाट्यावर लागला. तोच मी स्टेटसवरही ठेवला. लोक थांबून पाहत होते, टपरीवरचे मान डोलावत होते. मी स्टुडिओचं शटर उघडून अगरबत्ती लावली आणि खुर्चीत रेलून बसलो.

नऊच्या सुमारास ती बाई आत शिरली. सातव्या पोरीची आई. तिला मी फक्त तोंडओळखीनं ओळखत होतो. येचणीला जाणाऱ्या बायांच्या ऑटोतून ती मध्येच उतरली होती. ऑटो फाट्यावरून वळला तेव्हा बाकीच्या बायांनी तिला कौतुकानं हात लावून दाखवलं होतं, अवं पाह्य, तुही पोरगी बोर्डावर लागली. येचलेला कापूस टाकायची कापडाची ओटी अजून तिच्या कमरेला होती.

मला वाटलं, आभार मानायला आली. मी उठलोसुद्धा.

"तो बोर्ड काढा भाऊ," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडतो. आत्ताच्या आत्ता काढा."

"काऊन माय? चांगला तर हाये..."

"तिच्या बापाले समजंन ती कुठी हाये."

मग तिनं सांगितलं, उभ्या उभ्याच, एका दमात. खाली जालन्याच्या अंगाला तिचं सासर. तिथं नवऱ्यानं आणि सासऱ्यानं या पोरीचं लग्न जमवलं होतं. बारा वर्षांच्या पोरीचं. मुलगा सव्वीसचा. मांडव ठरला, दिवस ठरला. आईनं नाही म्हटलं तर तिला मारलं. एका पहाटे ती पोरीला घेऊन एसटीत बसली आणि भावाकडं आली. तिकडं सांगून ठेवलं की सुरतेला कामाला गेलो. हा भाऊ तिचा सख्खा नव्हे, मानलेला, त्यामुळे त्याचं गाव तिकडं कुणाला ठाऊक नव्हतं. गावात भावाशिवाय फक्त मॅडमना खरं माहीत होतं, तेही तिनं पोरीची शपथ घालून सांगितलेलं. पोरगी खेळंन, पण फोटो नाही, ही तिची अट. मॅडमनी ती पाळली होती. मी मोडली होती.

बापाच्या नावासकट! ते मीच टाकलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं, माझ्या अकलेनं. मी ड्रॉवरमधली ब्लेड घेतली आणि फाट्याकडं पळालो. या वयात विजेच्या खांबाला लावलेल्या शिडीवर चढलो. टपरीवरून आवाज आला, "काय भाऊ, फोटो उलटा लागला काय?" दुसरा म्हणाला, "नाही बे, कोणत्या काकाचा राह्यला असंन." हसले सगळे. मी दोऱ्या कापल्या, फ्लेक्स खाली पडला, तो तसाच घडी न घालता काखेत मारून आणला. आणल्यावर तिचा चेहरा आणि नाव ब्लेडनं कापून चुलीत घालायला बायकोकडं दिलं. बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तोवर पोरीच्या आईनं मॅडमना बोलावून घेतलं होतं. मी स्टेटस काढणार, तेवढ्यात मॅडमनी माझा हात धरला. "थांबा. आधी कोणी कोणी पाह्यला ते पाहू. पुसला की यादी जाईल."

तिघंही काउंटरवर वाकलो. मी एकेक नाव वाचत गेलो. हा इथला किराणावाला. हा माझा साडू. ही नांदुऱ्याची पार्लरवाली, हिच्याकडं नवऱ्या सजतात. प्रत्येक नावाला मी आईकडं बघायचो आणि ती मान हलवायची, नाही. नाव पुढं सरकलं की मला बरं वाटायचं. मॅडम मला रागावल्या नाहीत. एकदाही नाही. नुसतं म्हणाल्या, "पुढं वाचा."

यादी संपत आली होती. शेवटून तिसऱ्या नावाला मी थांबलो. एक मंडपवाला. काही वर्षांपूर्वी खालच्या बाजूला एका लग्नात फोटो माझे होते आणि मांडव त्याचा, तेव्हा नंबर घेतला होता. मी त्याचं गाव सांगितलं आणि आईनं काउंटर घट्ट धरलं.

"आमच्याच गावातला हाये तो," ती म्हणाली. "तोच मांडव टाकणार होता."

मला रडू येत होतं, खरं सांगतो. पन्नाशीचा माणूस मी. मॅडम म्हणाल्या, फोन लावा. आई म्हणाली, नको, लावला तर नसंन पाह्यलं तरी समजंन. मॅडम म्हणाल्या, "ताई, यादीत नाव आहे म्हणजे पाह्यलं आहे. आता काय समजलं ते तरी कळू द्या." आईनं होकाराची मान डोलावली. मी फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"बोला फोटोवाले!" तो म्हणाला. जालन्याकडची बोली, ऐसपैस.

सीझन कसा आहे, तारखा किती आहेत, असलंच काहीतरी बरळलो. तोच मध्येच थांबला.

"तुमचा स्टेटस पाहिला सकाळी," तो म्हणाला.

"हाव."

"त्याच्यात खालच्या ओळीत एक पोरगी आहे. आमच्या गावची आहे ती."

आईनं पदर तोंडावर दाबून धरला होता.

"भाऊ, त्या लग्नाचा मांडव माझ्याकडं सांगितला होता," तो म्हणाला. "मला काय सांगितलं माहिती का? पोरीला अठरा पूर्ण आहेत. अंगानं बारीक आहे, बाकी काही नाही. मी म्हणलं असतील. आपण कुठं जन्माचा दाखला बघत बसतो. मग मायलेकी गेल्या निघून, तेव्हा मीही चार लोकांसारखं त्या बाईलाच नावं ठेवली. आणि आज तुमच्या बोर्डावर वाचलं. वर केवढ्या अक्षरात लिहिलंय, चौदा वर्षांखालील." मग म्हणाला, "माझी धाकटी चौदाची आहे हो. अजून आईच्या कुशीत झोपते."

"भाऊ," मी म्हटलं. मॅडमनी फोन हातात घेतला. त्या म्हणाल्या, मी पोरीची शिक्षिका बोलते आहे. तुम्ही हे कुणाला दाखवलं का?

"नाही ताई. घरातसुद्धा नाही. तुम्ही ते काढा आधी, आणखी कुणी बघायच्या आत. मी काही पाहिलंच नाही. आणि त्या बाईला सांगा, आमच्या गावात त्या पोरीचा मांडव आता कुणी टाकणार नाही. शेजारच्या दोन गावांतले मांडववाले माझे मावसभाऊ आहेत."

फोन ठेवला. माझा जीव असा भांड्यात पडला की मी मटकन खुर्चीत बसलो, आणि ती बाई जमिनीवर. मग ती हसायला लागली. रडत रडत हसत होती आणि म्हणत होती, "बाप्पा, बाप्पा." मॅडमनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी स्टेटस पुसला. मग मॅडमनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आता एक ग्लास पाणी तरी आणा भाऊ, नुसते बसले काय?" एवढंच रागावल्या त्या, आणि मला तेही गोड लागलं.

देवमाणूस भेटला म्हणून सुटलो. दुसरा कुणी असता तर? हा विचार करून पुढचे कितीतरी दिवस मला घास गोड लागला नाही. फाट्यावर अनोळखी जीप थांबली की मी दुकानातून उठून बघायचो. मॅडमनी मात्र नशिबावर भिस्त ठेवली नाही. त्या आईला घेऊन ग्रामसेवकाकडं गेल्या, मग पोलीस ठाण्यात. एवढे दिवस आई पोलिसात जायला घाबरत होती, पण एकदा भीती अंगावरून गेल्यावर तिच्यातच काहीतरी ताठ झालं. इथल्या ठाण्यानं जालन्याकडच्या ठाण्याला कळवलं, आणि बापाला आणि मुलाच्या घरच्यांना तिकडंच बोलावलं. मंडपवाल्यानं स्वतः जाऊन सांगितलं की मांडव आपल्याकडं सांगितला होता. बापानं लिहून दिलं, पोरगी अठराची होईस्तोवर लग्न लावणार नाही. मुलाच्या घरच्यांनी तर हातच वर केले. बाप आजतागायत इकडं आलेला नाही. पोरगी कुठं आहे हे त्याला कुणी सांगितलंही नाही.

क्लबचा कागद मी आता स्टुडिओत काउंटरच्या काचेखाली ठेवला आहे. कुणी नवीन पोरगं कॅमेरा घेऊन मैदानावर आलं आणि कुरकुरलं की मॅडम त्याला माझ्याकडं पाठवतात. मी त्याला ही सगळी हकिगत सांगत नाही, ती माझी नाही सांगायची. आज पहिल्यांदा सांगतो आहे, आणि त्यातही कुणाचं नाव घेतलं नाही. त्या पोराला मी एवढंच म्हणतो, कारण माहीत नसलं तरी पाळ बे. सांगणाराला ते सांगता येत नसंन.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा कुणाला सांगितली नव्हती. फ्लेक्स कापला, स्टेटस पुसला, पण मूळ फोटो कंप्यूटरवर तसाच होता. पुसायला हात जात नव्हता. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे तो, होता. उगाच कशाला लपवू.

महिन्याभरानं, पोलीस ठाण्याचं सगळं आटोपल्यावर, ती आई एका दुपारी स्टुडिओत आली. काम नव्हतं, येचणी संपली होती. बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "भाऊ, माही पोरगी खेळते कशी? सारे म्हणतात लय खेळते. म्या कधी पाह्यलीच नाही. मॅच असते तवा म्या वावरात असतो. आणि बाहेर चारचौघांत उभं राहाची तर हिंमतच नव्हती."

मी सांगून टाकलं, फोटो आहे अजून. मला वाटलं, चिडेल. ती खुर्ची पुढं ओढून बसली.

मी फोटो उघडला. पोरगी समोरच्यांच्या हद्दीत एकटी. एक पाय लांब मागं, एक हात पुढं, बोटं ताणलेली, तोंड उघडं, कबड्डी कबड्डी चाललेलं. समोरच्या सातही पोरी मागं रेललेल्या. एकीच्याही चेहऱ्यावर तिला धरायची हिंमत नाही.

आई बराच वेळ पाहत राहिली. नाक पडद्याला टेकेल इतकी जवळ गेली. "कोणालेच भेऊन नाही राह्यली," ती म्हणाली. "घरी तर दार वाजलं तरी माह्या मांगं लपे."

"एक प्रिंट काढून देऊ काय? पेटीत ठेवा, कोणाले दाखवू नका."

तिनं विचार केला. हात पुढं करून पडद्यावर पोरीच्या पायाला एकदा बोट लावलं.

"नको," ती म्हणाली. "पुसा आता."

मी पुसला. तशी ती म्हणाली, "डब्यातलाही पुसा. पोरगी म्हणे, पुसलेलं डब्यात राह्यते." मी कंप्यूटरचा तो डबा, रिसायकल बिन, तोही रिकामा केला आणि तिला दाखवला. तिनं पदर खोचला, दारापर्यंत गेली आणि वळली.

"पुढच्या रविवारी मॅच कोणत्या गावाले हाये हो?"

मी गाव सांगितलं, वेळ सांगितली.

"कामाले खाडा करीन एक दिवस," ती म्हणाली. "पुढंच उभी राहीन."